राजकारणावर काय वाचावं? सुरुवात गावापासून कर

राजकारणावरची आवडती पुस्तकं आणि लेखक कोणते, आणि मॅकियाव्हेली या इटालियन राजकीय विचारवंताच्या पुस्तकाचं भाषांतर अर्ध्यात टाकून दिलं ते बरोबर केलं का, असं तू विचारलंयस. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बरोबर केलंस. इटलीतल्या घराण्यांची भांडणं पुढं कधीतरी वाच. तू कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेला. इथं पक्षाआधी गट विचारतात, आणि साखर कारखाना नाहीतर दूध संघाची निवडणूक आमदारकीच्या तोडीस तोड चुरशीची होते. विधानसभेला एकमेकांची उणीदुणी काढणारे सहा महिन्यांत एकाच पॅनेलमध्ये हात वर करून उभे असतात. हे का होतं ते ज्यातून कळेल, ते आधी वाचावं.

म्हणून पहिलं नाव शंकर पाटील यांच्या 'टारफुला'चं. लेखक आपल्या पट्टणकोडोलीचे, कादंबरी 1964 ची. जरब असलेला पाटील मरतो आणि त्याच्या जागेभोवती सगळं गाव उसवत जातं. पक्ष नाही, जाहीरनामा नाही, भाषणं तर नाहीतच. तरी सत्ता म्हणजे काय, हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकानं इतकं स्वच्छ सांगितलं नाही. भीती हेच अर्धं राज्य असतं आणि ती उठली की रिकामी जागा भरायला कोण कोण धावतं, ते बघत वाच. लोक शंकर पाटलांना विनोदी कथांपुरतं ओळखतात, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मग अरुण साधू. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या क्रमानं. जब्बार पटेलांचा 1979 चा सिनेमा दोन्ही कादंबऱ्यांवर बेतलेला आहे; तो बघितलास म्हणून कादंबऱ्या सोडू नकोस. साधू स्वतः पत्रकार. त्यामुळं मुख्यमंत्र्याची खुर्ची हलते कशी, आमदार फुटतात कसे, कामगार पुढाऱ्याचं वजन कुठं पडतं आणि बातमीदाराला हे सगळं दिसून तो किती छापू शकतो, याचा त्यांचा अंदाज आतल्या माणसाचा आहे. टेलिफोन बदलले, बाकी फार काही बदललेलं नाही.

पुढाऱ्यांची आत्मचरित्रं मी जरा हात राखून वाचतो. त्यांत जे गाळलंय तेच बहुतेक वेळा महत्त्वाचं असतं. अपवाद यशवंतराव चव्हाणांच्या 'कृष्णाकाठ'चा. देवराष्ट्रे गावातलं बालपण, तुरुंगातलं वाचन आणि आपल्या राजाराम कॉलेजचे दिवस फार मनापासून लिहिलेत. पण पुस्तक 1946 पाशी थांबतं. पुढचे खंड लिहायचे राहिले आणि 1984 मध्ये ते गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं राहूनच गेलं. (हळहळ वाटते ती इथं.)

कोल्हापूरचा म्हणून गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' तुझ्या घरात असेलच. नसेल तर आजच आण. एका बैठकीत संपतं. पुतळ्यापुढं घोषणा देणाऱ्याला पानसरे साधे प्रश्न विचारतात: वतनदारांना लगाम कुणी घातला, रयतेच्या पिकाला हात लावू नका असं सैन्याला का बजावलं? वक्त्याची भाषा आहे, विद्वत्तेचा आव नाही, म्हणूनच ते खेडोपाडी पोचलं. टोलविरोधी आंदोलनात त्यांना रस्त्यावर पाहिलेल्यांना ही भाषा कुठून आली ते सांगावं लागत नाही. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला. एवढ्याशा पुस्तिकेची धास्ती कुणाला आणि का वाटावी, हा विचार करत वाच.

एवढं पचलं की नरहर कुरुंदकर. 'जागर' आणि 'शिवरात्र'. माझा सगळ्यांत आवडता लेखक हाच, पण पहिल्यांदा हातात घेतलास तर दमशील. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचं आणि मग एकेक खिळा काढायचा, ही त्यांची रीत. महात्मा गांधी आणि गोळवलकर गुरुजींवरचं त्यांचं लेखन वाचून दोन्हीकडचे लोक चिडतात. मीही सगळीकडं सहमत नाही. वाद घालायला मात्र यांच्याकडूनच शिकावं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असशील तर सुहास पळशीकर आणि राजेंद्र व्होरा यांचं लेखन लागेलच; मराठा राजकारण आणि काँग्रेसची पडझड त्यात आकड्यांसकट आहे. आणीबाणीसाठी विनय हर्डीकरांचं 'जनांचा प्रवाहो चालिला'. रंगनाथ पठारेंचं 'ताम्रपट' जाडजूड आहे, ते सुट्टीत घे.

यांतली बरीच पुस्तकं करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघ. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे, वर्गणी भर आणि आण. विकत घ्यायचंच असेल तर पैसे कुरुंदकरांवर घाल, कारण समासात पेन्सिल चालवल्याशिवाय ते वाचून होत नाहीत. 'टारफुला' वाचून झालं की इथंच लिही, तुझ्या गावातला पाटील त्यात कोण सापडला ते.