वाचक विचारतात : कूलंट फ्लश केलं, मग आत राहिलेल्या पाण्याचं काय?

प्रश्न : माझ्या पेट्रोल कारचं कूलंट हिरव्याचं पार तपकिरी झालंय. घरीच करायचा विचार आहे. रेडिएटरखालचा प्लग उघडून काढायचं, दोनतीनदा साधं पाणी घालून इंजिन चालवायचं आणि शेवटी रेडी-टू-यूज कूलंट भरायचं, एवढंच ना? एकच कळत नाही, मॅन्युअलमध्ये 6 लिटर लिहिलंय पण मागच्या वेळी जेमतेम 3 लिटरच आत गेलं.

उत्तर : तुम्हाला जे कळत नाहीये ना, घोळ नेमका तिथेच होतो. खालचा प्लग उघडला की रेडिएटर रिकामा होतो, इंजिन नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये (मुख्य धडात), हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये आणि मधल्या पाईपांत जे असतं ते तिथेच बसून राहतं, म्हणजे तुमचे उरलेले 3 लिटर कुठे गेले नाहीत, आतच आहेत. आता तुम्ही पाण्याने फ्लश केलंत की ते 3 लिटर जवळजवळ नुसतं पाणी झालं, त्यावर 3 लिटर रेडी-टू-यूज ओतलं, ज्यात निम्मं पाणी आधीच घातलेलं असतं, तर 6 लिटरमध्ये खरं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं पाणी सोडून मूळ द्रव्य, उरलं दीड लिटर. पन्नास टक्के हवं तिथे पंचवीस. पन्नास टक्क्यांचं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, पंचवीसचं उणे 12 च्या आसपासच गोठायला लागतं. तुमच्याकडे थंडी पडत नसेल तरी गंज रोखणारी द्रव्यंही निम्मीच आत पडली ना, आणि तपकिरी रंग तर बहुतेकदा गंजाचाच असतो.

म्हणून फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे तुमच्या गाडीत 3 लिटर, आधी ते ओता, मग जागा उरली तर डिस्टिल्ड वॉटर. आणि प्लगमधून निम्म्यापेक्षा कमीच निघत असेल तर हा हिशोब बसणार नाही, मग खालचा मोठा होजपाईप काढा किंवा ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असेल तर तो उघडा. नुसतंच कॉन्सन्ट्रेट भरून टाकू असंही मनात आणू नका हं, पाणी न घातलेलं ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं आणि उणे 13 च्या जवळपास गोठतंसुद्धा, मिश्रणापेक्षा कितीतरी लवकर.

आता कृती. इंजिन पूर्ण गार पाहिजे, कोमट नाही, गार. गरम असताना झाकण उघडणं म्हणजे वाफ न सोडता कुकरचं झाकण काढणं, आत दाब असतो म्हणूनच ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सैल केलं की एका क्षणात उसळतं. प्लग प्लॅस्टिकचा असेल तर हळू फिरवा, जुने झाले की पटकन तुटतात. सगळं निघालं की प्लग लावून पाणी भरा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि वरचा होजपाईप गरम होईपर्यंत इंजिन चालू द्या. तो गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडला (बहुतेक गाड्यांत 82 ते 90 अंशांना उघडतो), त्याआधी बंद केलंत तर ब्लॉकमधलं घाण पाणी रेडिएटरकडे आलेलंच नसतं आणि तुम्ही फक्त रेडिएटर धुवत बसता. मग परत गार होऊ द्या, काढा, स्वच्छ येईपर्यंत हेच. घाई म्हणून गरम ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, इंजिनच्या हेडला (ब्लॉकवरच्या भागाला) तडा जाऊ शकतो. शेवटचा राउंड मात्र डिस्टिल्ड वॉटरचाच करा, कारण जे आत राहणार तेच तुमच्या नव्या कूलंटमधलं अर्धं पाणी असणार आहे, नळाच्या पाण्यातले क्षार कशाला ठेवायचे. आणि हो, इलेक्ट्रिक फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो, हात लांब.

भरताना हवा काढणं विसरू नका. गाडीचं नाक थोडं उंच, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर सैल, हीटर गरमवर. हीटरमधून गार हवा येतेय आणि तापमानाचा काटा वर चाललाय असं दिसलं तर आत हवा अडकलीय, लगेच बंद करा. पुढचे काही दिवस इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीतली लेव्हल बघत राहा, थोडी खाली जातेच.

निघालेल्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा दुधाळ घट्ट काही दिसलं तर मात्र थांबा, ते हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) किंवा ऑइल कूलरचं प्रकरण असू शकतं, कितीही फ्लश करा, फरक पडणार नाही.

प्रश्न : हिरव्या कूलंटमध्ये लाल टॉपअप केलं तर चालेल का?

उत्तर : रंगावर जाऊच नका, तो नुसता डाय असतो आणि प्रत्येक कंपनी आपापला घालते. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय ते डब्यावर आहे का बघा. जुन्या पद्धतीचं साधारण 2 वर्षं टिकतं, ओएटी प्रकारचं (सेंद्रिय आम्लं वापरलेलं नवं) बरेचदा 5, दोन्ही मिसळलीत तर जास्त टिकणाऱ्याचा फायदा गेला.

प्रश्न : काढलेलं कूलंट कुठे टाकू? घरात कुत्रा आहे.

उत्तर : गटारात नाही, मातीत नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल वगैरे घेणाऱ्या वर्कशॉपला किंवा घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही किडनी निकामी करायला पुरतं. त्यामुळे ट्रे उघडा ठेवून आत चहा प्यायला जाऊ नका, सांडलेलं तिथल्या तिथे पुसून मग पाण्याने धुवा. कुत्र्याने चाटलंय अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या, सुरुवातीला तो थोडा झिंगल्यासारखा दिसतो, मग बरा वाटतो आणि तेव्हाच किडनीचं नुकसान चालू असतं.