सोनी ए६४०० उबुंटू लॅपटॉपला जोडल्यावर टाइमलॅप्ससाठी जीफोटो२ चालत नाही, काय करावं?

लॅपटॉपवरून कॅमेरा चालवणाऱ्या जीफोटो२ या प्रोग्रॅममध्ये 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस' (यूएसबी उपकरण ताब्यात घेता आलं नाही) हा एरर येतोय आणि राजहंसगडावरून पावसाळी ढगांचा टाइमलॅप्स काढायचाय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे केबल ठीक आहे. नुसती चार्जिंगची केबल असती तर कॅमेरा यादीतही दिसला नसता. इथे कॅमेरा दिसतोय, पण दुसऱ्या प्रोग्रॅमने तो आधीच धरून ठेवलाय.

तो प्रोग्रॅम म्हणजे उबुंटूचा जीव्हीएफएस. कॅमेरा लावला की फोटो दाखवायला तो कॅमेरा आपणहून माउंट करतो, म्हणजे ड्राइव्हसारखा जोडून घेतो. फाइल मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याच्या नावावर अनमाउंट करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर 'जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर' ही प्रोसेस बंद करा. त्यासाठी पीकिल ही प्रोसेस बंद करणारी कमांड वापरत असाल तर 'एफ' पर्याय लावाच, कारण एरवी तो नावाची पहिली १५ अक्षरंच बघतो आणि काहीच सापडत नाही. केबल काढून परत लावली की हे सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून शूट चालू असताना केबलला हात लावू नका.

आता कॅमेऱ्याकडे. मेनूत यूएसबी कनेक्शन 'पीसी रिमोट'वर हवं. मास स्टोरेज किंवा एमटीपी या नुसत्या फाइल उतरवायच्या पर्यायांवर असेल तर फोटो उतरवता येतात, शटर दाबता येत नाही. जीफोटो२ची ऑटो-डिटेक्ट ही जोडलेले कॅमेरे दाखवणारी कमांड चालवल्यावर नावापुढे 'कंट्रोल' आलं तर बरोबर, 'एमटीपी' आलं तर सेटिंग चुकलंय. फोटो साठवण्याची जागा 'पीसी+कॅमेरा' ठेवा. लॅपटॉप अडकला तरी कार्डावर फ्रेम राहतात.

फोकस मॅन्युअल करा. ऑटोवर ठेवलात तर धुक्यात लेन्स पुढेमागे शोधत राहते, फोकस लागला नाही की शटर पडत नाही आणि मालिकेत भोक पडतं. व्हाइट बॅलन्स डेलाइट, आयएसओ ठरलेला, लेन्सचं स्टेबिलायझेशन बंद. कॅमेऱ्याचा पॉवर सेव्ह आणि लॅपटॉपचं सस्पेंड दोन्ही बंद करायला विसरू नका, तासाभरानं मालिका तुटण्यामागं बहुधा हीच दोन असतात.

ढगांसाठी ५ सेकंदांचा इंटरव्हल ठेवा. तासाला ७२० फ्रेम होतात, २५ फ्रेम प्रति सेकंदानं २८.८ सेकंदांचा व्हिडिओ. कॉम्प्रेस्ड रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) अंदाजे २४ एमबीचं धरलं तर १७ जीबी लागतील. दर फ्रेमचं एक्सपोजर अधिक लॅपटॉपवर उतरायला लागणारा वेळ मिळून इंटरव्हलपेक्षा कमीच हवा. म्हणून २ सेकंदांच्या हट्टाला पेटू नका, रॉ तेवढ्यात उतरेलच असं नाही.

वीज हा गडावरचा खरा प्रश्न. एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी दिवसभर पुरणार नाही आणि यूएसबी पोर्ट तर केबलनं अडवलंय. पॉवर बँकेवर चालणारी डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारा, वायरनं वीज देणारा तुकडा) घ्या. कॅमेऱ्याला पॉलिथिन गुंडाळून समोर लेन्स हूड लावा. वारा जोराचा असेल तर ट्रायपॉडच्या मधल्या हुकला पिशवी टांगा, पण ती जमिनीला टेकू द्या. लटकती राहिली तर तीच हलून फ्रेम हलवते.

खरं सांगायचं तर दिवसाच्या ढगांसाठी लॅपटॉप वर चढवायची गरजच नाही. ए६४०० मध्ये इंटरव्हल शूटिंग आहे: १ ते ६० सेकंद, ९९९९ फ्रेमपर्यंत. पहाट किंवा सूर्यास्त असेल तर त्यातच एई ट्रॅकिंगची (बदलत्या उजेडानुसार एक्सपोजर आपोआप जुळवण्याची) संवेदनशीलता 'लो' करून बघा, उजेड हळूहळू सांभाळला जातो. शटरचा प्रत्येक टप्पा स्वतः ठरवायचा असेल किंवा फ्रेम लगेच मोठ्या स्क्रीनवर तपासायच्या असतील, तेव्हाच केबल जोडा.