बोट विकून शिकारीसाठी आणखी जमीन घ्यावी का?

आधी एवढंच मोज: गेल्या उन्हाळ्यात बोट किती दिवस पाण्यात उतरली? मिशिगनचा उन्हाळा तसाही छोटा, बाकी महिने ती ताडपत्रीखाली उभी आणि विमा, जागाभाडं चालूच. पाच-सहा दिवसच उतरली असेल तर खुशाल विकून टाक. पण मुलं दर शनिवारी तिच्यावरून गळ टाकत असतील, तर विकू नकोस रे.

जमिनीत नवखे हमखास इथे फसतात:

- रस्ता. मी एकदा वीस एकर बघायला गेलो. हरणांच्या पायवाटा, ओकची झाडं, सगळं मनासारखं; पण आत जायची वाट शेजाऱ्याच्या फाटकातून आणि फाटकाला साखळी-कुलूप. वाटेचा हक्क कागदावर नसेल तर बयाणा देऊ नकोस.
- कर. मालक बदलला की इथे करपात्र किंमत नव्याने ठरते. जुन्या मालकाच्या बिलावर हिशेब मांडू नकोस.
- घाई. राज्याच्या मालकीचं जवळपास 40 लाख एकर जंगल आहे, बहुतेक शिकारीला खुलं. 15 ते 30 नोव्हेंबरचा बंदुकीने हरणं मारायचा हंगाम यंदा तिथे काढ.

मचाण, कॅमेरे, चाऱ्याची पेरणी हे सगळं जमीन हातात आल्यावर बोलू.