तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात बलूनची सफर सोडून काय बघावं? गुडघेदुखी असलेल्या आईला तिथलं जमिनीखाली कोरलेलं भूमिगत शहर झेपेल का?

झेपेल, पण शहर कोणतं निवडता त्यावर आहे. आम्ही आत्याला घेऊन गेलो होतो, वय अडुसष्ट, एक गुडघा कायम कुरकुरणारा. त्या अनुभवावरून सांगते.

देरिनकुयूचं नाव जास्त ऐकाल. तुर्की भाषेत त्याचा अर्थच 'खोल विहीर'. खोली साधारण ८५ मीटर, आणि खाली नेणारा जिना इतका अरुंद की समोरून माणसं आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. आईंना तिथे नेऊ नका. नेवशेहिर गावाहून त्याच रस्त्यावर अलीकडे कायमाक्ली हे दुसरं भूमिगत शहर लागतं. तिथे चारच मजले उघडे आहेत. गुडघ्यांपेक्षा कंबरेची परीक्षा असते, कारण बोगद्यांतून ओणवं चालावं लागतं. बंद जागेची भीती वाटत असेल तर मात्र दोन्हीकडे जाऊ नका, ऐन मध्यात परत फिरणं फार अवघड.

आत्या दुसऱ्या मजल्यावरच "मी इथे बसते" म्हणाली आणि कट्ट्यावर बसली. आम्ही खालचं बघून आलो तर म्हणते, "हा दिव्याचा कोनाडा बघितलास का? वर काजळी आहे." आम्ही त्याच्या शेजारून सरळ चालत गेलो होतो! मग तिने बोट दाखवत दाखवत सगळं घर उलगडलं: ही चूल, इथे धान्य, हे जनावरांचं. एका मोठ्या काळ्या दगडात पन्नासेक खळगे आहेत. तिला ते पानगा-आप्प्यांचं काही वाटलं. पाटीवर तांब्याच्या कामासाठीचा दगड असं लिहिलं होतं.

दाराचा दगड नीट बघा. जात्याची तळी उभी करून ठेवावी तसा, छातीएवढा, मधोमध भोक. आतल्या माणसांनी ढकलला की वाट बंद, बाहेरून हलवायची सोय नाही. अरबांच्या स्वाऱ्यांच्या काळात इथले ख्रिस्ती लोक गुराढोरांसकट खाली उतरून राहत. १९२३ च्या करारानंतर ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली, इथले ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि या जागा विस्मरणात गेल्या. १९६३ मध्ये देरिनकुयूत कुणी घराची डागडुजी करताना भिंत फोडली नि मागे खोली निघाली, असं सांगतात.

आपल्याला वेरूळ-अजिंठ्याची सवय, त्यामुळे दगडात कोरलेलं म्हटलं की छिन्नी-हातोडा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आठवतात. दोन्हीकडे ज्वालामुखीच, पण आपला बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि इथला दगड म्हणजे एर्जियेस, हसन दाग वगैरे पर्वतांच्या परिसरात साचून घट्ट झालेली राख. ओरखडला तर भुगा पडतो. म्हणून शेतकऱ्यालाही स्वतःचं घर कोरता आलं, कुटुंब वाढलं की आणखी एक खोली. वर कठीण दगडाची टोपी राहिली आणि खालची राख झिजली की ते सुळके होतात, ज्यांना तिथे 'परीचं धुराडं' म्हणतात.

म्हणून झेल्वे चुकवू नका. त्या दरीतल्या कोरीव घरांत १९५२ पर्यंत लोक राहत होते, दरडींच्या भीतीने त्यांना हलवलं. गोरेमेच्या खुल्या संग्रहालयात 'अंधारं चर्च' वेगळं तिकीट काढून बघाच. उजेड कमी आत गेला म्हणून भित्तिचित्रांचे रंग टिकलेत. इहलारा दरी सुंदर आहे, पण खाली उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, तेव्हा आईंना वगळा.

बलूनबद्दल मी काही सांगू शकत नाही. दोन सकाळी पहाटे चारला उठून बसलो, दोन्ही दिवशी वाऱ्यामुळे रद्द, तिसऱ्या दिवशी परतीचं विमान. तुम्ही पहिल्याच सकाळचं बुकिंग करा, म्हणजे पुढे दोन दिवस हाताशी राहतील. दोन दिवसांत उरकायचा बेत असेल तर तो बदला. किमान तीन रात्री हव्यात.

आणि भर उन्हाळ्यात गेलात तरी आईंसाठी स्वेटर घ्या, खाली गारठा असतो. आत्याने शेवटी माझाच घेतला.