एम३ स्क्रू घरी कापताना

भावा, लांब एम३ (३ मिमी जाडीचा) स्क्रू रोटरी टूलनं, म्हंजे चकती फिरवणाऱ्या छोट्या हँड मशीननं, कापणार असशील तर आधी नट चढव, मग काप. हे लई जण विसरत्यात. कापल्यावर टोकाला बर (धातूची खरबरीत कड) येतोय आणि मग नट लागतच नाही, पण आधीच चढवलेला असला की कापून झाल्यावर तो उलटा फिरवून बाहेर काढायचा, आटे आपोआप साफ होत्यात. एम३ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५ मिमीच असतोय, जरा जरी आटा दबला तर संपला विषय.

धरायचं कसं, खरी गंमत तिथं हाय. पक्कडीत आटे धरू नको, चेपत्यात. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळ आणि ते नट व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) पकड, नसंल तर लॉकिंग प्लायरमध्ये (आवळून लॉक होणाऱ्या पक्कडीत), हातात मात्र धरू नको, स्क्रू तापतोय लई.

कापायची चकती फायबरवाली (आत जाळी असलेली) घे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळंल. ती साधी पातळ तपकिरी चकती जरा तिरकी झाली की फुटून तुकडा तोंडावर येतोय, म्हणून गॉगल पायजेच, नुसता चष्मा चालत नाही. दाबायचं नाही बघ, टूलच्या स्पीडनं कापू दे, स्टीलचा स्क्रू असंल तर मधी मधी थांब.

नट काढायच्या आधी टोकाची कड चकतीनंच ४५ अंशात हलकी घासून घे.

आणि चार-पाचच स्क्रू पायजे असतील तर दुकानात कमी लांबीचा मिळतोय का आधी इचार की, उगं कशाला धूर काढतोयस.