सॉफ्ट कोरलला किती लाइट पुरतो? वाचकांचे प्रश्न

दोन फुटी मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक व्यवस्थित चालू आहे. आता मशरूम आणि झोआ हे सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, ठेवायचे आहेत. दुकानदार महागडाच लाइट घ्या म्हणतो. तो खरंच लागतो का? (ठाणे)

नाही लागत. तेवढी तीव्रता अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांना हवी. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश 'पार'मध्ये मोजतात. मशरूमला पार ५०च्या आसपास पुरतो, झोआ ८० ते १००ला छान फुलतात. त्यांच्या पेशींतली सूक्ष्म शैवालं अन्न बनवतात आणि त्यांना ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश विशेष मानवतो. म्हणून निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येईल, एवढंच बघा.

बाजारात '१६५ वॅट' म्हणून काळी पेटी मिळते. आत ३ वॅटचे ५५ एलईडी असतात, प्रत्यक्षात ती ११०-१२० वॅटच ओढते. दोन फुटी टँकला तेही भरपूर. पाण्यापासून फूटभर वर टांगा, निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, रोज ८ तास. कोरलकडे बघत दर आठवड्याला थोडा वाढवा. वाचलेल्या पैशांत आरओ युनिट घ्या. नळाच्या पाण्यातल्या फॉस्फेट-नायट्रेटने शेवाळ माजलं की कुठलाही लाइट उपयोगाचा नाही.

घरात ५० वॅटचा पांढरा फ्लडलाइट पडून आहे. मोबाइलवर लक्सही भरपूर दिसतात. चालेल? (नाशिक)

६५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या प्रकाशात सॉफ्ट कोरल जगतात, वाढतातही. झोआंचे चमकते रंग मात्र निळ्यातच उजळतात, ते तुम्हाला दिसणार नाहीत. लक्सवर विसंबू नका. ते माणसाच्या डोळ्याचं माप, निळ्याला कमी लेखतं. खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, म्हणून लाइनवर आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोचणार नाही.

लाइट बदलल्यापासून लेदर कोरल (चामड्यासारखं दिसणारं मऊ प्रवाळ) मिटलेलं आहे, वर मेणचट पापुद्रा आलाय. मेलं का? (कोल्हापूर)

बहुधा कात टाकतंय. पाण्याचा प्रवाह थोडा वाढवा, हात लावू नका. पापुद्रा निघून गेला की पॉलिप (कोरलवरचे फुलासारखे छोटे जीव) पुन्हा बाहेर येतील. पांढरट पडत असेल तर लाइट जास्त होतोय: मंद करा किंवा कोरल खाली सरकवा. देठ लांबवून वर ताणत असेल तर कमी पडतोय. लिबलिबीत होऊन वास आला तर मात्र लगेच बाहेर काढा आणि फिल्टरमध्ये पाणी शुद्ध करणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला.

मालवणच्या समुद्रातून प्रवाळ आणले तर? (सावंतवाडी)

अजिबात आणू नका. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मऊ प्रवाळही तिथेच राहू द्या, पाण्यात उतरून बघा. मशरूम आणि झोआ टँकमध्ये भराभर वाढतात, एखाद्या जुन्या छंदी माणसाकडून तुकडा मागा. झोआ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला: काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.