एकाच उंदराची वीस मोजमापे: विश्लेषणासाठी तक्ता कसा मांडावा?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे २४ उंदीर आहेत. त्यांतील १२ औषध दिलेले आणि १२ नियंत्रण गटातील आहेत. मॉरिस वॉटर मेझमध्ये (पाण्याच्या टाकीत पोहायला लावून उंदराचे शिकणे आणि स्मरण तपासण्याच्या चाचणीत) ५ दिवस रोज ४ फेऱ्या घेऊन पाण्याखालचा प्लॅटफॉर्म सापडेपर्यंतचा वेळ तुम्ही सेकंदांत मोजला आहे आणि कमाल मर्यादा ६० सेकंदांची ठेवली आहे. सध्याच्या तक्त्यात प्रत्येक उंदराची एक ओळ असून प्रत्येक दिवसाच्या सरासरीचा एक रकाना आहे. मिक्स्ड मॉडेलसाठी (एकाच उंदराची अनेक मोजमापे एकमेकांशी निगडित असतात हे हिशेबात घेणाऱ्या सांख्यिकी पद्धतीसाठी) हा तक्ता कसा बदलावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की, हा सरासरीचा तक्ता बदलत बसू नका. मूळ नोंदींकडे परत जा आणि एका उंदराची एक फेरी म्हणजे एक ओळ, या हिशेबाने तक्ता नव्याने तयार करा. तुमच्या बाबतीत २४ गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे ४८० ओळी होतील. फेरीनिहाय तक्त्यातून दिवसाची सरासरी केव्हाही काढता येते, पण सरासरीतून फेऱ्या परत मिळत नाहीत. शिवाय एखाद्या दिवशी चारऐवजी तीनच फेऱ्या झाल्या असतील, तर सरासरीच्या रकान्यात त्याचा मागमूसही उरत नाही.

अशा मांडणीला लांब मांडणी म्हणतात आणि तुमच्या सध्याच्या मांडणीला रुंद मांडणी. रुंद मांडणी चुकीची नाही. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधील पारंपरिक रिपीटेड मेझर्स अनोव्हाला (एकाच प्राण्याच्या पुनःपुन्हा घेतलेल्या मोजमापांच्या सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या पद्धतीला) तीच लागते, मात्र त्याच सॉफ्टवेअरमधील मिक्स्ड मॉडेलला आणि आर या सांख्यिकी प्रोग्रामिंग भाषेतील बहुतेक पॅकेजेसना लांब मांडणी लागते. आरमधील टायडीआर पॅकेजच्या पिव्होट लाँगर या फंक्शनने रुंद तक्ता लांब करता येतो आणि पिव्होट वायडरने पुन्हा रुंद करता येतो. म्हणून मूळ प्रत लांब ठेवावी आणि गरज पडेल तेव्हा तिच्यापासून रुंद तक्ता बनवावा.

आता रकाने. उंदराची ओळख, दिवस, फेरी, पाण्यात सोडण्याची दिशा, लागलेला वेळ आणि प्लॅटफॉर्म सापडला की नाही, एवढे रकाने किमान हवेत. उदाहरणादाखल एक ओळ अशी दिसेल: उ०७, ३, २, उत्तर, ६०, ०. म्हणजे सातव्या क्रमांकाच्या उंदराला तिसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत उत्तरेकडून सोडले आणि ६० सेकंद संपले तरी त्याला प्लॅटफॉर्म सापडला नाही. शेवटचा शून्य फार महत्त्वाचा आहे. एखाद्या उंदराने बरोबर ६० व्या सेकंदाला प्लॅटफॉर्म गाठला असेल आणि दुसऱ्याला तो सापडलाच नसेल, तर वेळेच्या रकान्यात दोन्हींचा आकडा एकच दिसतो, पण दुसऱ्याचा खरा वेळ ६० पेक्षा जास्त आहे एवढेच आपल्याला माहीत असते. अशा अपुऱ्या राहिलेल्या वेळा पहिल्या एकदोन दिवसांत बऱ्याच असतील, तर साध्या मिक्स्ड मॉडेलऐवजी उत्तरजीविता विश्लेषणाच्या (एखादी घटना घडेपर्यंतचा वेळ अभ्यासणाऱ्या पद्धतीच्या) धाटणीचे, उंदरागणिक रँडम इफेक्ट (प्रत्येक उंदराचे स्वतःचे वेगळेपण हिशेबात घेणारा घटक) असलेले कॉक्स मॉडेल वापरणे योग्य ठरते. हा रकाना नसेल, तर तो पर्यायच बंद होतो.

व्हिडिओवरून पोहलेले अंतर आणि वेग मिळत असेल, तर त्यांचेही वेगळे रकाने त्याच ओळीत ठेवा. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून वेळ हे तिचे सर्वांत सोयीचे माप राहिले आहे. पण औषधामुळे उंदीर नुसता सावकाश पोहू लागला, तरी वेळ वाढतो आणि स्मरणशक्ती कमी झाल्याचा भास होतो. अंतर हाताशी असेल, तर ही शंका लगेच तपासता येते.

उंदराची ओळख या रकान्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळे विश्लेषण त्याच्यावर उभे असते. प्रत्येक पिंजऱ्यात १ पासून नवे क्रमांक दिले असतील, तर सहा पिंजऱ्यांतले सहा वेगवेगळे ‘१ क्रमांकाचे’ उंदीर सॉफ्टवेअरच्या लेखी एकच प्राणी ठरतात. ते कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. म्हणून संपूर्ण प्रयोगात पुन्हा न येणारी ओळख द्या आणि ती अक्षराने सुरू करा, म्हणजे सॉफ्टवेअर तिला संख्या समजून तिची सरासरी काढणार नाही. तसेच दिवस आणि फेरी एकाच रकान्यात ‘३-२’ असे लिहू नका. एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि मूळ नोंद परत मिळवणे अवघड होते. दिवस वेगळा, फेरी वेगळी.

गट, लिंग, जन्मतारीख, पिंजरा आणि कोणत्या वेतातले पिल्लू, ही माहिती फेरीगणिक बदलत नाही. ती वीस वेळा टंकण्याऐवजी २४ ओळींच्या दुसऱ्या तक्त्यात एकदाच लिहावी आणि विश्लेषणाच्या वेळी ओळखीच्या रकान्यावरून दोन्ही तक्ते जोडावेत. यामुळे एकाच उंदराच्या काही ओळींत ‘औषध’ आणि काहींत ‘औषधे’ असे होत नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे: वेळा नोंदवणाऱ्या व्यक्तीच्या तक्त्यात गटाचा रकानाच नसतो, त्यामुळे कोणता उंदीर कोणत्या गटातला हे तिच्यापासून झाकलेले राहते.

वेताचा रकाना अनावश्यक वाटेल, पण तो टाळू नका. औषध प्रत्येक उंदराला स्वतंत्रपणे दिले असेल, तर प्रयोगाचे एकक उंदीर आहे. ते गाभण मादीला दिले असेल, तर एकक वेत आहे. मग २४ पिल्ले सहा वेतांतून आली असतील, तर गटांच्या तुलनेसाठी तुमच्याकडे सहाच स्वतंत्र एकके आहेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातील प्रयोगांबद्दल ज्या छद्म-पुनरावृत्तीकडे (स्वतंत्र नसलेल्या नोंदी स्वतंत्र मानण्याच्या चुकीकडे) लक्ष वेधले, ती हीच. तुमच्या ४८० ओळी स्वतंत्र मानून दोन सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी चाचणी लावली, तर डिग्रीज ऑफ फ्रीडम (तुलनेमागे किती स्वतंत्र माहिती आहे, त्याचा आकडा) ४७८ होतील. औषध उंदरागणिक दिले असले, तरी प्रत्यक्षात गटांच्या तुलनेला २४ उंदरांमुळे २२ च मिळायला हव्यात. लांब मांडणीत हा धोका वाढतो, कारण ओळी भरपूर दिसतात. त्यामुळे उंदीर हा रँडम इफेक्ट मॉडेलमध्ये असलाच पाहिजे, आणि फेरीनिहाय डेटा वापरत असाल, तर उंदराच्या पोटात दिवस हाही स्तर घ्यावा, कारण एकाच दिवसाच्या चार फेऱ्या एकमेकींना अधिक जवळच्या असतात. शिकण्याचा वेग उंदरागणिक वेगळा असतो, तेव्हा दिवसाचा उतारही उंदरागणिक बदलू द्यावा. तसे न केल्यास गट आणि दिवस यांच्या आंतरक्रियेचा (दोन गटांतला फरक दिवसागणिक बदलतो का, याचा) निष्कर्ष गरजेपेक्षा ठाम दिसतो.

रुंद तक्त्यावर अनोव्हाच करायचे ठरले, तर दोन गोष्टी ध्यानात असू द्या. दिवसांच्या प्रत्येक जोडीतील फरकांचे प्रसरण (विखुरलेपणाचे माप) सारखे असावे, ही त्याची अट असते. ती मॉकली यांच्या चाचणीने तपासतात आणि मोडत असल्यास ग्रीनहाउस व गाइसर यांची १९५९ ची दुरुस्ती लावतात. दुसरे म्हणजे एका दिवसाची नोंद नसलेला उंदीर या पद्धतीत सहसा संपूर्णच वगळला जातो, तर मिक्स्ड मॉडेल त्याच्या उरलेल्या नोंदी वापरते.

नोंद नसेल, तर तो कप्पा रिकामा ठेवा. तिथे ०, ६० किंवा ९९९ लिहू नका. नोंद का नाही, ते टीपेच्या रकान्यात लिहा. ‘कॅमेरा बंद पडला’ आणि ‘उंदीर पोहताना दमला म्हणून बाहेर काढला’ ही दोन अगदी वेगळी कारणे आहेत. पहिल्याचा औषधाशी संबंध नाही, दुसऱ्याचा असू शकतो. तसे असेल, तर उरलेल्या नोंदींवर आधारलेले मॉडेलही फसू शकते. रंग भरून खुणा करू नका, कारण फाइल सीएसव्ही या नुसत्या मजकुराच्या स्वरूपात साठवली की रंग जातात.

तक्ता तयार झाल्यावर मॉडेल चालवण्यापूर्वी ओळी ४८० च आहेत का आणि प्रत्येक उंदराच्या २० आहेत का, हे मोजा. नंतर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन प्रत्येक उंदराची स्वतंत्र रेषा काढा. एखादी रेषा पाचही दिवस ६० वर सपाट असेल, तर तो उंदीर शिकत नाही, की पाण्यात नुसता तरंगतो आहे, हे व्हिडिओत पाहा. बहुधा सगळ्या रेषा आरंभी झपाट्याने आणि पुढे हळूहळू उतरताना दिसतील. तसे असेल, तर दिवस सरळ रेषेतला मानण्याऐवजी पाच वेगवेगळे वर्ग म्हणून घेणे, किंवा वेळेचा लॉगॅरिदम वापरणे, हे पर्याय तपासावेत.

शेवटी प्लॅटफॉर्म काढून घेतलेली स्मृतिचाचणीची फेरी तुम्ही घेतली असेल, तर तिच्यासाठी वेगळा तक्ता करा, कारण तिथे वेळेचे माप वेगळ्या अर्थाचे होते. त्या तक्त्यात टाकीच्या चार चतुर्थांशांत घालवलेल्या वेळेच्या टक्केवारीच्या चार ओळी करून त्यांना चार स्वतंत्र मोजमापे समजू नका. त्यांची बेरीज नेहमी १०० च असते, त्यामुळे एक वाढली की उरलेल्या आपोआप घटतात. प्रत्येक उंदराची एकच ओळ ठेवून, प्लॅटफॉर्म जिथे होता त्या चतुर्थांशातली टक्केवारी दोन्ही गटांत ताडून पाहावी.